तापाच्या खोलीतला सत्कार

महामारीचा तो उन्हाळा. करवंदवाडीच्या माळावर साठ पोरांचं शिबिर भरलं होतं आणि फाटकावर परिचारिका मालनताई ठाण मांडून बसल्या होत्या. मास्क नाही तर प्रवेश नाही. मग तो देव असो नाहीतर दूधवाला!

समारोपाला प्रमुख पाहुणे आले दादासाहेब नाईकनवरे. मिशीला पीळ, मागे फोटोग्राफर. मालनताईंनी मास्क पुढे करताच ते गरजले, "ही मिशी झाकायची? अहो बाई, मला बघून रोगच पळतो! व्हा बाजूला."

आता पाहुण्यांना अडवावं तर संस्थाचालक डोळे वटारणार, सोडावं तर पोरं आजारी पडणार. मालनताईंनी एकदम टाळीच वाजवली.

"दादासाहेब, अगदी देवासारखे धावून आलात! ती कोपऱ्यातली खोली तापकरी पोरांसाठी राखलीय. महिनाभर तिथं पाऊल टाकायची कुणाची छाती झाली नाही. तुमचा सत्कार तिथंच करू. शाल-श्रीफळ आत ठेवते. तुम्ही एकटेच जा, रोगाला पिटाळा आणि मग भाषणाला या!"

दादासाहेबांची मिशी थरथरली. त्यांनी मुकाट्याने मास्क घेतला. मग जरा विचार करून आणखी एक मागितला.

भाषण आटोपून निघताना त्यांनी हळूच विचारलं, "बाई, त्या खोलीत पोरं किती आहेत हो?"

"एकही नाही," मालनताई हसत म्हणाल्या. "तुमच्यासारखे शूरवीरसुद्धा फाटकावर दोन-दोन मास्क लावतात. मग खोली भरणार कशी?"