दर्यावर भुंकणारा भिंगऱ्या

आपल्या पणजीच्या पणजीला दुधाचे दात होते, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यापासून बऱ्याच आत, भर समुद्रात, माडबेट नावाचं एक बेट होतं. तिथे माड पुष्कळ होते आणि माणसं थोडी. त्या बेटावर कोणी पहिली विहीर खणली, कोणी देऊळ बांधलं, हे आज कोणाला ठाऊक नाही. मोठमोठी माणसं आली, गेली, विसरली गेली. पण एका कुत्र्याचं नाव तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ते नाव भिंगऱ्या.

भिंगऱ्या तांबूस रंगाचा होता. त्याचा एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला. दिसायला म्हणाल तर चारचौघांसारखा, पण त्याच्या पायाला भिंगरी होती, म्हणून तर ते नाव पडलं. बाकीचे कुत्रे दुपारी होड्यांच्या सावलीत अंग टाकायचे. हा कुठला बसायला! या टोकाहून त्या टोकाला, त्या टोकाहून परत या टोकाला. सकाळी रापण ओढायला सगळं गाव जमायचं, तेव्हा हा दोरापुढून धावायचा, दोरामागून धावायचा, आणि जाळं वर आलं की माणसांच्या आधी मासळीचा वास घेऊन मोकळा व्हायचा. मग सुकत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकलायचे. मग शेळ्यांना उगाच वळवून आणायचं. शेळ्या कुठेही चाललेल्या नसायच्या, तरी वळवायचं.

पण ही सगळी वरकड कामं झाली. त्याचं खरं काम दर्याला मागे हटवण्याचं होतं.

हसू नका. आधी त्याच्या नजरेने बघा. बेटाच्या चहूकडे एक अजस्र जनावर पडलेलं होतं. ते दिवसातून दोनदा सरपटत पुढे यायचं, वाळू चाटायचं, माणसांची पावलं गिळायचं, कधी एखादी टोपली, कधी वल्हं, जे हाताला लागेल ते घेऊन जायचं. भिंगऱ्या त्याच्यासमोर उभा राहून भुंकायचा. घसा बसेपर्यंत भुंकायचा. आणि भुंकता भुंकता ते जनावर थांबायचं, गुरगुरत मागे सरायचं, पार खडकांपलीकडे जाऊन पडायचं. आता पाणी आपलं आपण ओहोटीला लागतं, हे तुम्हाला-मला कळतं. कुत्र्याला ते कोण सांगणार? तो भुंकला आणि दर्या गेला, एवढं त्याने रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. पण गेलेला दर्या पुन्हा यायचाच. मग याला स्वस्थता कशी लाभावी? जेवताना एक कान पाण्याकडे, झोपताना एक डोळा पाण्याकडे.

भिंगऱ्याची मालकीण इठाबाय. एकटी बाई होती. तिचा नवरा मासेमारीला गेला होता, तो परतला नव्हता, आणि ही गोष्ट भिंगऱ्या तिच्या घरी येण्याच्या आधीची. तरी भिंगऱ्याला ती माहीत होती. इठाबायच्या घरात खुंटीवर एक जुनी टोपी होती आणि त्या टोपीला एका माणसाचा वास होता. वास होता, पण माणूस नव्हता. टोपीला जो खारट वास होता तोच दर्यालाही होता. भिंगऱ्याने काय ते ओळखलं. ज्याने एकाला नेलं तो दुसरीलाही नेणार, आणि दुसरी म्हणजे इठाबाय. तिच्या हातचा भात, तिच्या लुगड्याचा उबदार कोपरा, तिची ती लांबलचक हाक. हे सगळं जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून तो भुंकायचा.

इठाबायला हे कळत होतं का, कोण जाणे. गावातली माणसं कानावर हात ठेवायची, पण तिने त्याला एकदाही गप्प केलं नाही.

पुढे एका वर्षी नारळी पौर्णिमा आली. त्या दिवशी गाव नटूनथटून किनाऱ्यावर जमतं आणि खवळलेल्या दर्याला नारळ अर्पण करून त्याला शांत व्हायला विनवतं. नारळ सोडायचा मान गावातल्या सर्वांत वडील नाखव्याचा. तेव्हा तो मान धोंडू तांडेलाचा होता. तांडेल म्हणजे पीळदार मिशा आणि करारी बोलणं. गावात त्याचा शब्द खाली पडत नसे. भरतीचं पाणी पार देवळाच्या पायरीशी आलं होतं. तांडेल कमरेइतक्या पाण्यात उतरला, त्याने सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ कपाळाला लावला, डोळे मिटले, गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं, आणि मागून सुरू झालं, भो! भो! भो!

भिंगऱ्याला दर्या इतक्या वर आलेला पाहून चैन पडत नव्हतं. त्यातून ही शहाणी माणसं त्याला हाकलायचं सोडून खाऊ घालत होती! तो पाण्यात शिरला, तांडेलाच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि देवाच्या तोंडावर भुंकत सुटला. पोरं फिदीफिदी हसली. बायांनी तोंडाला पदर लावला. तांडेलाचं गाऱ्हाणं अर्ध्यात तुटलं.

तांडेल पाण्याबाहेर आला तो लालबुंद होऊन.

"इठाबाय, ह्यो तुजो कुत्रो देवाक भुकता! दर्यो कोपलो तर गावान खंय जावचा?"

इठाबाय म्हणाली, "तो कोणाक चावणा नाय, तांडेलानू. तो फकत दर्याक मागे जा म्हणता."

"आमी हात जोडतंव आणि ह्यो दात दाखयता! उधान जाईपर्यंत बांदून ठेव तेका. नायतर पलीकडे नेऊन सोडतलंय, सांगून ठेवतंय."

तांडेलाचं बोलणं गावाला पटलं. मनाने कोणी वाईट नव्हतं. वर्षभर ज्याच्या पोटातून खायचं, ज्याच्या पाठीवर पोरांना धाडायचं, त्याला सणाच्या दिवशी कुत्र्याच्या तोंडून शिव्या कशा द्यायच्या? इठाबायलाही पटलं, निदान तिने पटवून घेतलं. तिने काथ्याची दोरी आणली आणि भिंगऱ्याला दारातल्या माडाला बांधलं. बांधताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

बांधलेला कुत्रा दोन-चार वेळा हिसडे देतो आणि पडून राहतो. भिंगऱ्या पडून राहिला नाही. तो माडाभोवती फिरत राहिला. दोरी गुंडाळून आखूड व्हायची, मग तो उलटा फिरायचा. भुंकला असता, पण माडांच्या आडून दर्या दिसत नव्हता आणि न दिसणाऱ्यावर काय भुंकणार? नुसता आवाज येत होता. पाणी चढल्याचा आवाज, पाणी उतरल्याचा आवाज. आज कोणी हाकललं नाही, तरी गेला. मग हा कसला डाव आहे? दबा धरून बसलाय का? भाताला त्याने तोंड लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी इठाबाय गावातल्या बायकांबरोबर टोपली घेऊन निघाली. पौर्णिमेच्या आसपास भरती जशी मोठी तशी ओहोटीही मोठी. पाणी इतकं लांब जातं की एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात, आणि त्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, बोटभर लांब. वाळूच्या एका अरुंद दांड्यावरून चालत तिथवर जायचं, कालवं फोडायची आणि पाणी फिरायच्या आत परतायचं. बेटावरच्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या होत्या.

"भिंगऱ्या, आज हयच रव," ती म्हणाली. "मी कालवा घेवन येतंय."

एरवी तो तिच्यापुढे धावायचा. ती खडकांवर काम करायची आणि हा दांड्यावर उभा राहून पाण्यावर पाळत ठेवायचा. पाणी जरा हललं की याचा आरडाओरडा सुरू, आणि बायका हसत टोपल्या उचलायच्या. हसायच्या, पण उचलायच्या. त्या सकाळी दांड्यावर कोणी नव्हतं. बायकांच्या हे ध्यानातही आलं नाही. सवयीची गोष्ट नसली की नसल्याचंही कळत नाही.

मग पश्चिमेकडून पाऊस आला. श्रावणातला पाऊस खरं तर येतो आणि जातो, पण हा आला तो पडद्यासारखा. हातावरचं दिसेना. बायका खडकाच्या आडोशाला बसल्या, आता थांबेल, मग थांबेल म्हणत. उठल्या तेव्हा खडकाला दोन्ही बाजूंनी पाणी लागलं होतं.

"गे, गाव खंयच्या बाजूक?" एकीने विचारलं. कोणालाच सांगता येईना. दांडा अरुंद. पाऊल चुकलं की खोल पाणी. त्या एकमेकींचे हात धरून रडायला लागल्या.

इकडे भिंगऱ्याने आवाज ऐकला. पाणी चढल्याचा. आणि इठाबाय घरात नव्हती.

त्याने दोरी कशी तोडली याबद्दल बेटावर एकमत नाही. कोणी म्हणतात, दातांनी कुरतडली. कोणी म्हणतात, माडच वाकला आणि गाठ सुटली. एक म्हातारा तर छातीठोकपणे सांगायचा की माड मुळासकट उपटून तो कुत्रा निघाला. म्हाताऱ्याला माडी अंमळ जास्त लागायची, तेव्हा तेवढं सोडून द्या. पण भिंगऱ्या सुटून गेला एवढं खरं. तांडेलाच्या अंगणातून गेला. तांडेल "पकडा रे!" म्हणून ओरडला, तोवर तो दांड्यावर पोचलाही होता.

दांड्याच्या मधोमध, जिथे वाळू जरा उंच होती, तिथे तो चारी पाय रोवून उभा राहिला आणि भुंकायला लागला. असं म्हणतात की त्या दिवशीचं भुंकणं कुत्र्याचं वाटतच नव्हतं. पावसाच्या वरताण ते ऐकू येत होतं, लाटांच्या वरताण ऐकू येत होतं.

खडकांवर इठाबायने मान वर केली. "माजो भिंगऱ्या भुकता! थंय तो आसा, थंय दांडो आसा. चला गे!"

आवाजाच्या रोखाने बायका निघाल्या. पाणी गुडघ्याला आलं, मग मांडीला. एकेक करून त्या भिंगऱ्याच्या अंगावरून पुढे गेल्या. "चल रे, चल," म्हणाल्या. तो हलला नाही. त्याची बाई अजून यायची होती. इठाबायचा गुडघा दुखरा, ती सर्वांच्या मागे होती. ती आली तेव्हा पाणी भिंगऱ्याच्या गळ्याशी होतं. तिने त्याच्या मानेत हात घातला आणि त्याने एकदाच तिचा हात चाटला. दर्याचा आणि तिच्या हाताचा वास आता एकच येत होता, आणि तो वास त्याला मुळीच आवडला नाही. त्याने तिला अंगाने ढकललं, गावाच्या दिशेने. ती चालायला लागली. मागून भुंकणं येत होतं, म्हणून तिला वाटलं, तो मागेच आहे.

पण भिंगऱ्या तोंड फिरवून उभा होता. त्याची बाई सुटली होती, पण काम संपलं नव्हतं. ते जनावर अजून येतच होतं.

बायका किनाऱ्याला लागल्या. सगळं गाव तिथे जमलं होतं. इठाबायने मागे वळून पाहिलं तर मागे कोणी नाही, नुसता पाऊस आणि पावसातून येणारं भुंकणं. ती परत पाण्यात धावली. चौघांनी तिला धरून ठेवलं. भुंकणं चालूच होतं. आणि असं म्हणतात की त्या दिवशी पाणी देवळाच्या पायरीपर्यंत आलंच नाही. भरतीची वेळ भरायच्या आधीच ते थांबलं, गुरगुरलं आणि मागे फिरलं. पाणी फिरलं आणि मगच भुंकणं थांबलं.

पाऊस उघडला तेव्हा दांडा स्वच्छ धुतलेला होता. कुत्रा नव्हता. गळ्यातली तुटकी दोरीही सापडली नाही.

इठाबाय वाळूत बसून राहिली. तांडेल तिच्याजवळ आला. "तेका बांदूक मिया सांगलंय," एवढंच तो म्हणाला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, सगळ्या गावादेखत पाण्यात उतरला, छाती भरून श्वास घेतला आणि तो म्हातारा माणूस दर्यावर भुंकला. आवाज फाटला. तो पुन्हा भुंकला. कोणी हसलं नाही. मग त्याचा मुलगा उतरला, मग बायका उतरल्या, मग सगळं गाव.

आजही माडबेटावर नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हे होतं. आदल्या दिवशी नारळ देऊन दर्याची विनवणी करायची आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उभं राहून त्याच्यावर भुंकायचं. लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेला पहिल्या वर्षी लाज वाटते, दुसऱ्या वर्षी तिचाच आवाज सर्वांत मोठा असतो. बेटावर कुत्रं बांधत नाहीत. आणि एखादी होडी यायला उशीर झाला, तर तिथल्या बायका घरात बसून वाट पाहत नाहीत. त्या किनाऱ्यावर जमतात, अंधाराकडे तोंड करतात आणि होडी दिसेपर्यंत भुंकत राहतात.