शून्य चुकीचा नकाशा

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर मनापासून चिडला, आणि घडलेही चिडण्यासारखेच होते.

गुरू म्हणजे आयुष्यभर जमीन मोजलेले एक वृद्ध गृहस्थ. त्यांनी शिष्याकडे जुन्या वाटांचा एक नकाशा सोपवला होता. घड्यांवर फाटलेला, पणजोबांच्या काळातला. तो संगणकात घेऊन आजच्या उपग्रह-चित्रावर बसवायचा होता, म्हणजे जुनी वाट आज कुठून जाते हे कोणालाही मोबाइलवर दिसेल. रीत अशी, की नकाशातली एक जागा आणि चित्रातली तीच जागा जोडून खूण करायची. पुरेशा खुणा झाल्या की संगणक जुना कागद ताणून जागेवर बसवतो आणि खुणा किती चुकल्या तेही सांगतो.

घाई होती. डोंगराखालच्या वाडीची वाट एका व्यापाऱ्याने भिंत घालून बंद केली, असे वाडीचे म्हणणे. वाट पहिल्यापासून डोंगराला वळसा घालूनच जाते, आजची सडक तीच, असे व्यापाऱ्याचे म्हणणे. भिंतीपलीकडे दवाखाना. वाडीतून त्याचे छप्पर दिसे, पण आजाऱ्याला न्यायचे तर डोंगराचा वळसा. नकाशा पाहून तालुक्याचे साहेब दुसऱ्या दिवशी निर्णय देणार होते.

जुनी वाट म्हणजे आजची सडकच, असे शिष्यानेही धरून टाकले होते. आणि नकाशा काही केल्या बसेना. देऊळ जागेवर आणावे तर वाट सडकेवरून सुटे. वाट सडकेवर ओढावी तर देऊळ ओढ्यात जाई. शेवटी वैतागलेल्या शिष्याने वाटेच्या प्रत्येक वळणावर खूण ठोकली आणि ती सडकेवर बसवलीच. संगणकाने निकाल दिला : चूक शून्य.

व्यापारी पेढे घेऊन हजर झाला. "वा! याला म्हणतात शिक्षण."

वाडीतली एक बाई दाराशी उभी होती. ती फणकारली, "मग आमच्या पणज्या काय भिंतीवरून उडत जायच्या?"

"बाई, संगणक खोटं बोलतो का?" व्यापारी हसला.

तेवढ्यात गुरू आले. त्यांनी पडदा पाहिला, विचारले, "चूक किती?"

"शून्य, गुरुजी!"

गुरू खुर्चीत बसले आणि त्यांनी वाटेवरच्या साऱ्या खुणा पुसून टाकल्या.

"गुरुजी!" शिष्य ओरडलाच. "डोळे फोडून घेतलेत मी यासाठी! शून्य चूक होती!"

"म्हणूनच पुसल्या," गुरूही तापले. "अरे, वाट कुठून जात होती हे या कागदाला विचारायचे होते ना? तू विचारलेसच नाहीस. तूच सांगितलेस आणि मान पिरगळून त्याला हो म्हणायला लावलेस. साक्षीदाराला असे पढवले की तो एकदाही अडखळत नाही, पण मग तो साक्षीदार उरत नाही. जे हलत नाही त्याला खुणा कर. देवळाचा चौथरा, बारव, बुरूज. वाटेला हात लावू नकोस. ती जाईल तिथे जाऊ दे."

"आणि ती सडकेवरच गेली तर?" शिष्याने वाडीच्या बाईकडे पाहत विचारले.

"तर तसेच सांगायचे. कुठे जाईल हे मला आधीच ठाऊक असते, तर नकाशा कशाला हवा होता?"

शिष्य धुसफुसत पुन्हा बसला. चौथरा, बारव, बुरूज. कागद हळूहळू स्थिरावला. थोडी चूक उरली. ती त्याने कोपऱ्यात लिहून ठेवली. मग त्याने वाट पाहिली. ती सडक सोडून सरळ भिंतीत शिरत होती आणि पलीकडे दवाखान्यापाशी निघत होती. मध्ये जुन्या मोजणीदाराने एक झाड रेखाटले होते.

बाई पुढे आली. पडद्याला बोट न लावता म्हणाली, "आमचा वड. याच्या पाराशी माणसं टेकायची. भिंत बांधताना तोडला."

"हा नकाशा चुकीचा आहे!" व्यापारी उसळला.

"थोडा आहे, शेठ," शिष्य म्हणाला. "किती, तेही खाली लिहिलंय. मघाशी चूक अजिबातच नव्हती, तेव्हा तुम्ही पेढे वाटत होता."

एवढे बोलून त्याने पेढ्यांचा पुडा व्यापाऱ्याच्या हाती परत दिला. गुरूंवरचा त्याचा राग केव्हाच उतरला होता. आता तो स्वतःवर होता, आणि तोच कामाचा होता.

जो पुरावा आपल्याला हवे तेच बिनचूक बोलतो, त्याला एकदा तरी विचारावे : बाबा रे, तुला पढवले कोणी?