उंबरजाईचं कुंकू पुसणारी ठमाई

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-आमच्या पणज्यांचाही जन्म झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या उंबरठाण गावात ठमा नावाची बाई होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी भावाच्या आधाराला आली. भाऊ हैबती हा उंबरजाईचा पुजारी. गावाच्या वरच्या अंगाला देवीची राई होती, राईत देवीचा झरा, आणि सगळं गाव त्याच झऱ्याचं पाणी पीत असे. राईतली काडी मोडायची नाही आणि आत लोखंड न्यायचं नाही, हा गावचा कायदा. ठमा तिथे झाडलोट करायची.

एका वर्षी राईत एक नवीन झुडूप आलं. घाणेरी. खाली कुणा साहेबाने बंगल्याच्या कुंपणाला ती लावली होती म्हणे. पाखरांनी तिची काळी फळं खाल्ली आणि बिया वर आणून टाकल्या. एकाच गुच्छात पिवळी आणि तांबडी फुलं बघून हैबतीने हात जोडले.

"आई हळदीकुंकू ल्याली!" तो म्हणाला.

झालं! गाव नारळ घेऊन धावलं. घाणेरीला कुणी हात लावेना आणि घाणेरी काही थांबेना.

ठमा रोज झाडत होती, म्हणून बाकीच्यांना न दिसलेलं तिला दिसलं. हिरड्याची, जांभळाची फळं घाणेरीवरच पडून वाळत. चुकून उगवलेलं रोप उन्हाविना पिवळं पडे. म्हातारी झाडं कोसळत होती आणि त्यांच्या जागी एकही पोर उभं राहत नव्हतं. बिनलेकराची बाई ती, तिला हे फार लागलं.

"दादा, ही समदी राई गिळंल. काढू या तिला."

हैबतीने कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. ती नीट चिकटवलीच नव्हती, असंही म्हणतात. म्हणायला काय जातं!

ठमा तरीही राईत गेली. लोखंड चालत नाही म्हणून तिने खैराची टोकदार काठी घेतली. बुडाशी खणायचं, झुडूप मुळासकट काढायचं आणि उलटं करून फांदीला अडकवून ठेवायचं. भुईला टेकलं की ते पुन्हा मूळ धरायचं, म्हणून पुरतं वाळल्यावरच ती ते राईबाहेर नेऊन टाकायची. काट्यांनी तिचे हात सोलवटून निघाले. पुढे पुढे त्या हातांवर झाडासारखी साल धरली आणि काटेच मोडायला लागले, असं म्हणतात. जिथे तिचं रक्त सांडलं तिथे रोपं तरारली, असंही म्हणतात.

पंच बसले. "देवीचं कुंकू पुसणारीला देवीचं पाणी न्हाई," त्यांनी सांगितलं.  बहिणीची घागर हैबतीनेच उचलून दाराबाहेर ठेवली.

ठमाने राईच्या कडेला खोपट बांधलं. प्यायचं पाणी ती दरीतल्या नदीवरून चढवून आणायची आणि दिवसभर घाणेरी काढायची. अशी कित्येक वर्षं गेली, पण गावाला दया म्हणून आली नाही.

मग एका चैत्रात डोंगराला वणवा लागला. वाळलेली घाणेरी तेल ओतल्यागत भडकली आणि राईचं खालचं अंग जळून गेलं. ठमाने मोकळ्या केलेल्या जागेत मात्र आगीला खायला काही मिळेना. हिरव्या फांद्यांनी झोडपत एकट्या ठमाने ती तिथेच विझवली. झरा वाचला, म्हणून गाव वाचलं. भाजलेल्या ठमाला लोकांनी देवळाच्या पायरीवर आणून ठेवलं.

"दादा, पाणी," ती म्हणाली.

हैबती धावला, झऱ्यावर घागर भरून घेऊन आला आणि तिच्यापाशी येऊन थबकला. पंचांची बंदी होती ना.

"थांब गं ठमे, कौल घेतो."

त्याने पाकळ्या चिकटवल्या. एकही पडेना. सगळं गाव पाकळ्यांकडे बघत राहिलं, ठमाकडे कुणी बघितलं नाही. तान्हेल्याला पाणी पाजू का, हे काय देवीला विचारायचं असतं? पण त्यांनी विचारलं. ठमाचा श्वास थांबला आणि दोन्ही पाकळ्या एकदम गळाल्या, असं म्हणतात. ती घशाला कोरड घेऊन गेली, एवढं मात्र कुणी म्हणायची गरज नाही.

आजही श्रावण सरताना, माती ओली असते तेव्हा, उंबरठाणात घरटी एक माणूस लाकडी काठी घेऊन राईत जातो आणि घाणेरी मुळासकट काढतो. त्या कामाला कौल लावत नाहीत. हैबतीच्या घराण्यातला माणूस झऱ्याची घागर घेऊन सगळ्यांमधून फिरतो. कुणी मागायची वाट बघायची नाही, आणि पिणारा 'बस' म्हणेपर्यंत धार थांबवायची नाही, असा नेम आहे. शेवटी तो ठमाच्या नावाने पुजलेल्या ठमाईच्या दगडापाशी येतो. तिथे 'बस' म्हणायला कुणी नसतं. घागर रिकामी होईपर्यंत तो ओतत राहतो.