दारावरचं नाव

चिपळूणच्या सुमती आठल्यांचे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर, तितक्याच जुन्या एका प्रोग्रॅममध्ये, त्यांनी वाजवलेली बासरी होती. सुमतीबाई ती रोज ऐकत.

धाकटे दीर दिगंबरराव एका कंपनीत कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. घरात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. एका रविवारी ते आले, ते रजिस्ट्री, म्हणजे कॉम्प्युटरमधली प्रोग्रॅमांची नोंदवही, साफ करणारं सॉफ्टवेअर घेऊनच. तपासणी सुरू होताच पडद्यावर लाल अक्षरांची रांग लागली.

"बघा वहिनी, कधीच काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांची नावं अजून इथे पडून आहेत. नुसता कचरा. पुसून टाकतो."

"पुसल्यावर मशीन जोरात चालेल?"

"तसा फरक जाणवणार नाही. पण शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

"आणि चुकून कामाची नोंद पुसली गेली तर?"

"तर एखादा प्रोग्रॅम बंद पडेल. पण मी बसलोय ना इथे."

सुमतीबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले, तरी दारावर यांचं नाव आहे. त्या नावामुळे दार उघडायला जड जातं का? जात असेल, तर आधी ते पुसा. मग हे."

दिगंबररावांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"मला जातं जड, वहिनी," ते म्हणाले, आणि त्यांनी ते सॉफ्टवेअर बंद केलं.