आधी थोरली

एका गावाच्या वेशीबाहेर, ओढ्याच्या काठी, एकदा एक वृद्ध वैद्यबुवा राहत असत आणि त्यांच्याबरोबर चार कुत्री राहत असत. गावकरी मात्र हे उलटं सांगत. ते म्हणत, घर कुत्र्यांचंच आहे, बुवांना त्यांनी दया येऊन ठेवून घेतलं आहे! लोकांची गंमतच असते. दारी एक कुत्रं असलं तर माणसाला भूतदयावान म्हणतात, दोन असली तर हौशी म्हणतात आणि चार झाली की कपाळाला हात लावतात. बुवांना त्याचं काही वाटत नसे. औषधाला आलेल्या रोग्याला आधी चौघांनी हुंगायचं आणि मग बुवांनी त्याची नाडी पाहायची, असा तिथला शिरस्ता होता.

चौघांत वडील होती थोरली. तोंड करडं झालेली, उंबऱ्याशी तरटावर पडून साऱ्या घरावर नजर ठेवणारी. दुसरा हवालदार, झाडाचं पान हललं तरी त्याची चौकशी सुरू. तिसरी मिशी आणि चौथा खोबऱ्या, रंगानं पांढरा आणि वृत्तीनं अट्टल लबाड. संध्याकाळी बुवा गावातून परत आले की चौघं असा काही दंगा करत, जणू बुवा काशीहून आले आहेत. बुवा मात्र त्या वेळी कुणाकडेच बघत नसत. ते पाय धूत, ओट्यावर टेकत आणि मग सावकाश हाक मारत, "थोरले." ती आली की तिच्या कानामागे खाजवत. मग हवालदार, मग मिशी, शेवटी खोबऱ्या. ताकात कुस्करलेल्या भाकरीचे मातीचे परळही त्याच क्रमानं मांडले जात. यांतलं तुमचं लाडकं कोणतं, असं कुणी विचारलं तर बुवा म्हणत, "त्यांनाच विचारा. प्रत्येक जण सांगेल, मीच."

एके दिवशी बुवांचा एक जुना शिष्य त्यांच्या भेटीला आला. त्याचं नाव त्र्यंबक. दूरच्या गावी तो स्वतः आता वैद्यकी करत असे आणि हाताला गुणही चांगला होता. पण त्या दिवशी त्याचा चेहरा अगदी उतरलेला होता. नमस्कार करून तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या पोटी दुष्ट मुलगी जन्माला आली."

बुवा म्हणाले, "केवढी आहे?"

"अकरा वर्षांची."

"मग दुष्ट व्हायला अजून बराच अवकाश आहे. काय झालं ते सांग."

त्र्यंबकनं सांगितलं ते असं. त्याचा धाकटा भाऊ आणि भावजय एकाच तापात गेली. त्यांची नऊ वर्षांची वेणू त्र्यंबकच्या घरी आली. पोरकं लेकरू! त्र्यंबकचा जीव तिच्यासाठी तुटत होता. जेवताना त्याच्या शेजारी पितळी फुल्यांचा पाट असे आणि त्यावर त्याची स्वतःची मुलगी कुमुद बसत असे. तो पाट त्यानं वेणूला दिला. पहिली वाढ वेणूच्या पानात पडू लागली. चूर्ण वस्त्रगाळ करताना फडक्याचं एक टोक तो धरी आणि दुसरं कुमुद धरीत असे. तेही काम त्यानं वेणूकडे दिलं, तिचं मन रमावं म्हणून. आणि या कुमुदनं काय करावं? वेणूला चिमटे काढले. तिचा परकर फाडला. शेवटी तर कहर झाला. वेणूजवळ तिच्या आईची एकच खूण उरली होती, एक शिसवी फणी. ती नाहीशी झाली. कुमुदला फणी घेऊन विहिरीकडे जाताना वेणूनं पाहिलं होतं.

"मी कुमुदला समोर उभं केलं. म्हटलं, विहिरीत टाकलीस ना? तर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. डोळ्यांत टिपूस नाही! हिची आई रडते, पण मी ठरवलं आहे. पौर्णिमेला कुमुदला आजोळी नेऊन पोचवतो. बैलगाडीनं दोन दिवसांची वाट आहे. राहू दे चार वर्षं तिकडेच. पोरक्या मुलीला घरात सुख लागायचं तर दुसरा उपाय नाही. आपण एकदा हो म्हणा, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर येईल."

बुवा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पौर्णिमेला अजून बारा दिवस आहेत. आठ दिवस इथे राहा. पलीकडच्या वाडीत तापाची साथ आहे, मी दिवसभर घरी नसतो. माझ्या कुत्र्यांकडे बघ."

त्र्यंबक मनातून खट्टू झाला. आपण आलो कशाला आणि यांनी काम काय दिलं! पण गुरूंचा शब्द मोडायचा नाही म्हणून तो राहिला.

तिसऱ्या दिवशी मेंढरांचा एक मोठा कळप ओढा ओलांडून पुढे गेला आणि मागे एक लंगडा कुत्रा राहिला. हाडांचा सापळा नुसता. बुवांनी त्याला परसात नेलं, भिंतीआड बसवून पायाला लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि संध्याकाळी चार परळ मांडून झाल्यावर सर्वांत शेवटी, सर्वांत लांब, पाचवा परळ मांडला. त्र्यंबकला ते पाहवेना. जो सर्वांत भुकेला त्याला सर्वांत शेवटी? गुरुजींचं वय झालं, असं त्याला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा वाडीत गेलेले असताना त्यानं आपल्या मनाप्रमाणे केलं. लंगड्याला पुढच्या ओट्यावर आणलं. थोरलीचं तरट मऊ होतं, त्यावर बसवलं. थोरलीचाच परळ घेतला, त्यात दूधभाकरी कुस्करली आणि मांडीशी घेऊन एकेक घास भरवू लागला. "बिचारं रे माझं, खा, खा." थोरली पायरीशी उभी राहून बघत होती. ती जवळ आली आणि तिनं त्याच्या कोपराला नाक लावलं. त्र्यंबक म्हणाला, "तू सरक. तुला रोजचंच आहे." ती सरकली आणि पुन्हा पायरीशी जाऊन उभी राहिली.

तो हात धुवायला उठला मात्र, थोरलीनं झेप घेतली. जिनं आयुष्यात मांजरावरसुद्धा दात उगारला नव्हता, तिनं त्या लंगड्याचा कान फाडला. हवालदार आणि मिशीही धावून आले. खोबऱ्यानं तेवढ्यात दूधभाकरी संपवली. त्र्यंबकनं कसंबसं सगळ्यांना पांगवलं आणि कोपऱ्यातली काठी उचलली. "दुष्ट! म्हातारी झालीस तरी लाज नाही!"

"काठी खाली ठेव," मागून आवाज आला. बुवा अंगणात उभे होते. "याला परसात ने, भिंतीआड. कानावर फडकं दाबून धर. मी आलोच."

आणि मग बुवांनी जे केलं ते पाहून त्र्यंबक थक्क झाला. रक्त वाहत होतं लंगड्याच्या कानातून आणि बुवा जाऊन बसले थोरलीपाशी! ती भिंतीला पाठ लावून थरथरत होती. बुवा तिच्या शेजारी मातीत बसले, तिचं करडं तोंड मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "थोरले, अगं माझे बाई, मी आहे ना." बराच वेळ ते तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. तिचं थरथरणं थांबल्यावरच ते उठले आणि परसात गेले.

लंगड्याच्या कानाला हळद लावून झाल्यावर त्र्यंबकला राहवलं नाही. "गुरुजी, हा कुठला न्याय? चावली तिला गोंजारायचं आणि जखमी झाला त्याला थांबवायचं?"

"याला जखम झाली होती हे दिसत होतं, म्हणून फडकं धरायला तुला पाठवलं. तिची जखम दिसत नव्हती. तिथे मलाच जावं लागलं." एवढं बोलून बुवा हात धुवायला गेले.

पुढचे चार दिवस बुवांचा क्रम तसूभरही हलला नाही. आधी थोरली, शेवटी लंगडा. पण आता त्र्यंबक नीट बघू लागला होता. त्याच्या ध्यानात आलं की पाचवा परळ इतरांपेक्षा काठोकाठ भरलेला असतो. हेही ध्यानात आलं की रोज सकाळी भिंतीआड बुवा त्या लंगड्याशी चांगले घटकाभर बोलत बसतात, त्याला दूधही तिथेच मिळतं.

मुक्कामाच्या आठव्या दिवशी संध्याकाळी परळ मांडून झाले. थोरलीनं खाल्लं आणि ती आपल्या तरटाकडे निघाली. वाटेत थांबली. लंगडा लांब आपल्या जागी खात होता. ती त्याच्याजवळ गेली. लंगड्यानं मान खाली घातली, शेपूट पोटाशी घेतली. थोरलीनं त्याचा फाटका कान हुंगला आणि मग चाटला. नंतर ती तरटावर जाऊन पडली, पण नेहमीसारखी ऐसपैस नव्हे, एका कडेला. थोड्या वेळानं लंगडा खुरडत खुरडत आला आणि रिकाम्या कडेवर अंग टेकून झोपला. हवालदारानं एकदा भुंकून या व्यवस्थेला मान्यता दिली.

त्र्यंबकच्या डोळ्यांत पाणी आलं. बुवा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले,

"त्र्यंबका, नवा जीव दारी आला की आपली माया त्याच्याकडे धावते. धावावीच. पण जुन्यांना त्या वेळी काय दिसतं? त्यांना याचं दुःख दिसत नाही, आपली जागा गेली एवढंच दिसतं. भ्यालेल्या जिवाला दुसऱ्याची दया करता येत नाही. तू नव्याला थोरलीचं तरट दिलंस, तिचा परळ दिलास. ते तुझं नव्हतं रे द्यायला! जे तिचं होतं ते तीच देऊ शकत होती, आणि बघ, तिनं दिलं. मी एवढंच केलं, तिची जागा हललेली नाही हे तिला रोज दाखवत राहिलो."

त्र्यंबकनं डोळे पुसले. मग म्हणाला, "पण गुरुजी, मुली म्हणजे काही कुत्री नव्हेत."

बुवा हसले. "नव्हेत ना. कुत्री चावतात आणि मोकळी होतात. मुली जेवण टाकतात. तुझी कुमुद नीट जेवते का?"

वेणू आल्यापासून, गेले दोन महिने, मुलीच्या पानाकडे त्र्यंबकनं पाहिलंच नव्हतं.

बुवा हळू आवाजात म्हणाले, "तिला वाटतं, या घरातली आपली जागा गेली. पौर्णिमेला गाडीत घालून तू तिचं तेच भय खरं करणार आहेस. आता तूच ठरव."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्र्यंबक घरी निघाला. तो पोचला तेव्हा दारात वेणू उभी होती. ती "काका" म्हणत धावत आली. कुमुद आत, दाराच्या आड होती. त्र्यंबकनं पाय धुतले. मग हाक मारली, "कुमुद." ती बाहेर आली ती भिंतीला धरूनच. तिला वाटलं, गाडी ठरली. त्र्यंबकनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "फडकं आण बाळ, चूर्ण गाळायचं राहिलं आहे. तुझ्याइतकं ताठ टोक कुणाला धरता येत नाही." मग त्यानं वेणूला जवळ घेतलं.

त्या दिवसापासून पितळी फुल्यांचा पाट पुन्हा कुमुदचा झाला. वेणू पंगतीच्या टोकाला, दाराशी बसू लागली. पण तिच्या पानात तुपाची धार हात राखून पडत नसे, आणि दुपारी काकांच्या शेजारी बसून ती मुळाक्षरं गिरवू लागली. पहिले काही दिवस कुमुद नुसती जेवत होती. पोटभर जेवत होती, तेवढंच. पौर्णिमा आली आणि गेली. गाडीचं नाव कुणी काढलं नाही.

त्यानंतर एके दिवशी जेवायला बसताना कुमुद म्हणाली, "आबा, वेणू बसते तिथे दाराचा वारा लागतो. ती खोकते. तिचा पाट इकडे माझ्याजवळ घेऊ का?"

त्र्यंबकनं मानेनंच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माजघरातून ओटीवर आला तर दोघी पायरीवर बसल्या होत्या. वेणू खाली, कुमुद तिच्या मागे वरच्या पायरीवर. कुमुद तिचे केस विंचरत होती आणि तिच्या हातात ती शिसवी फणी होती.

त्र्यंबक जागच्या जागी उभा राहिला. "अगं, ही तर विहिरीत..."

कुमुदनं वर पाहिलं नाही. "विहिरीत नव्हती टाकली, आबा. पेंढ्यात लपवली होती."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही म्हणालात, टाकलीस ना."

त्र्यंबक तिच्याजवळ पायरीवर बसला. त्यानं आपला हात कुमुदच्या पाठीवर ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. कुमुदनं वेणूची वेणी घातली, टोकाला फीत बांधली आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती बापाच्या कुशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.

तुमच्या दारी उद्या कुणी नवं येईल. सून येईल, पोरकं लेकरू येईल, पायानं अधू असलेलं एखादं कुत्रं येईल. त्याला जरूर आत घ्या. पण आत घेताना एकदा मागे वळून पाहा, पायरीशी कुणी मुकाट उभं आहे का.