कोपऱ्यातला कपॅसिटर

वृंदाताई बनवत असलेल्या एका हिरव्या सर्किट बोर्डावर एकदा भलतीच खळबळ उडाली. रेझिस्टरमावशीने त्यांचं बोलणं अर्धवट ऐकलं आणि कोपऱ्यातल्या कपॅसिटरला गाठलं. "बाबा रे, वृंदाताई तुला उपटणार म्हणे."

कपॅसिटरला वाटलं, संपलं. आता भंगाराचा डबाच नशिबी.

रिमोटची खूण ओळखणारा रिसीव्हर पार दुसऱ्या टोकाला होता. वीज थरथरली, की तो भलतंच बरळायचा.

"ती थरथर मीच शांत करतो गं, पण इतक्या लांबून कसा पुरणार?" कपॅसिटर म्हणाला.

"बोर्ड सुबक दिसावा म्हणून बसवलंय तुला इथे," मावशी फणकारली.

तापलेलं सोल्डरिंगचं टोक आलं. कपॅसिटर खरंच उपटला गेला, आणि वृंदाताईंनी त्याला थेट रिसीव्हरच्या पायांनाच जोडलं. रिमोट दाबताच दिवा लागला.

"उपटणार, हे बरोब्बर ऐकलं होतं मी," मावशी म्हणाली. "पुढचं तेवढं पंख्याच्या आवाजात राहिलं."