पलीकडचा डोंगर

शीलवती नगरीवर अरिंदम राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या दरबारी सोमदत्त नावाचा मंत्री होता. राजघराण्याची एक रीत होती. बारशाला पाळण्यात बिबट्याचे कातडे अंथरायचे; त्याने म्हणे मूल निर्भय होते.

चंदना राणीला मुलगा झाला. राजाने सोमदत्ताला बजावले, “बारशाच्या आत कातडं आणा. नाही मिळालं, तर मंत्रिपदाची आशा सोडा.”

सोमदत्त पारध्यांना घेऊन निघाला. पहिल्या गावचे लोक म्हणाले, “आमच्याकडं आता बिबट्या दिसत नाही. पलीकडच्या डोंगरावर मात्र मोप आहेत.” पलीकडच्या गावानेही पुढच्या डोंगराकडे बोट दाखवले. असे रान पालथे घालत मंडळी शेवटच्या गावी पोचली, तर तिथल्या म्हाताऱ्याने पहिल्याच गावचा डोंगर दाखवला. सोमदत्ताला हसू आले आणि पाठोपाठ सारा प्रकार उमगला. पलीकडे पुष्कळ आहेत, या भरवशावर प्रत्येकाने आपल्याकडचे बिबटे मारून संपवले होते.

परतताना एका घळीत मादी दिसली. ती गाभण होती, तिला धड पळवतही नव्हते. पारध्यांनी धनुष्ये ताणली. सोमदत्त मध्ये जाऊन उभा राहिला.

“बाण उतरवा. महाराजांना काय सांगायचं ते मी सांगेन.”

बारशाच्या दिवशी तो रिकाम्या हातांनी दरबारात आला. “महाराज, पलीकडचा डोंगर संपला. एक मादी उरलीय, पोटुशी. तुमचे आजोबा, वडील, तुम्ही स्वतः तिच्याच कुळाच्या उबेत निजलात. त्या उपकाराला कधी जागलो आपण?”

राजा संतापाने लाल झाला. तेवढ्यात राणीने खांद्यावरचा शेला काढून पाळण्यात अंथरला. बाळ कातड्यावाचूनही निर्धास्त झोपले. राजाने पाळण्यावर वाकून पाहिले. मग त्याने सोमदत्ताचे हात धरले. “बरं झालं, तुम्ही बोललात,” तो म्हणाला. त्या डोंगरांत शस्त्र चालवायला त्याने कायमची बंदी केली.

मादीला दोन पिल्ले झाली. पुढे बिबटे वाढले, तशी रानडुकरे शेतात शिरेनाशी झाली, आणि गावकरी सुगीचे पहिले कणीस घळीच्या तोंडाशी ठेवू लागले.

ही कथा आपल्या भिक्षु-भिक्षुणींना सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद, राणी म्हणजे भिक्षुणी खेमा, आणि सोमदत्त मीच होतो.”

“आणि ती मादी, भन्ते?” कोणीतरी विचारले.

शास्त्यांनी मागे बसलेल्या एका वृद्ध भिक्षुणीकडे पाहिले. “तिच्यामुळे मला कृतज्ञता कळली,” ते म्हणाले, आणि त्यांनी तिला हात जोडले.